चुकलेला टेक पुसू नका!

"मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे" असं मॅगझिन कमिटीचं फर्मान आलं, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. म्हटलं, माझ्यामागे दुसरं कोणी उभं असेल! बालवाडीपासून दहावीपर्यंत माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. मराठी म्हणजे घरी बोलायची भाषा आणि शाळेत शंभर मार्कांचा एक पेपर, बस्स. अजूनही कोणी "एकोणसाठ" म्हटलं की ते फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन, हे मला मनातल्या मनात ताडून बघावं लागतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा कानाडोळा करा. आणि तसंही, हा लेख चुकांबद्दलच आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगची गोष्ट. माझी रूममेट फार सुंदर गाते. आजीबरोबर भजनी मंडळात जाऊन जाऊन तिचा आवाज तयार झालाय, पण तिला वेड जुन्या अमेरिकन सोल गाण्यांचं. आम्ही ठरवलं, आपल्या रूमवरच एक गाणं रेकॉर्ड करायचं, मागचे कोरसचे आवाजही तिचेच, आणि स्टेजवर त्या ट्रॅकवर तिने लाईव्ह गायचं. रेक्टर मॅडमचा राऊंड झाल्यावर दाराच्या फटीला ब्लँकेट लावून आम्ही कामाला लागलो. तिसऱ्या टेकला वरच्या पट्टीत जाताना तिचा आवाज जरासा चिरकला. ती किंचित हसली आणि तशीच पुढे गात राहिली.

मी पडले "इंजिनिअर"! रात्रभर लॅपटॉपवर बसून सगळं साफ केलं. सूर सॉफ्टवेअरने सरळ केले, श्वास कापले, ते हसू कापलं, खाली मेसमध्ये वाजलेलं ताटसुद्धा कापलं. डिस्क भरली होती म्हणून मूळ फाईल्स कायमच्या डिलीट करून टाकल्या. सकाळी मोठ्या ऐटीत तिच्या कानात इयरफोन घातले. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि हळूच म्हणाली, "छान झालंय गं. पण ही मी नाहीये."

गॅदरिंगला ती गायली नाही. "घसा बसलाय" म्हणाली. घसा अजिबात बसला नव्हता.

त्यानंतर सुट्टीत मी या जुन्या गाण्यांबद्दल मिळेल ते वाचत सुटले. ती गाणी बनवणारे लोक चुकलेल्या टेकचं काय करायचे, हे मला बघायचं होतं. जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

थोडी थिअरी (व्हायवाला विचारणार नाहीत!)

सोल म्हणजे काय? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या चर्चमधलं गॉस्पेल गायन आणि नाचायला लावणारं रिदम अँड ब्लूज, या दोन्हींचं मिळून १९५० आणि ६०च्या दशकांत तयार झालेलं संगीत. आणि ते साठवायचं साधन होतं मॅग्नेटिक टेप.

टेपचं फिजिक्स आपण फर्स्ट इयरला शिकलोय. प्लॅस्टिकच्या फितीवर आयर्न ऑक्साईडचा थर असतो. फीत रेकॉर्डिंग हेडसमोरून सरकते आणि हेडमधल्या सिग्नलप्रमाणे त्यावरचे कण मॅग्नेटाईज होतात. सुरुवातीला फितीवर एकच ट्रॅक असायचा. म्हणजे गायक, ड्रम, गिटार सगळे एका खोलीत एकदम वाजवणार आणि एकाचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून सुरू करायचं. मग मल्टीट्रॅक आलं. एकाच फितीवर शेजारी शेजारी अनेक पट्टे, हायवेच्या लेनसारखे. एका लेनमध्ये ड्रम, दुसरीत आवाज. आधी भरलेलं ऐकत ऐकत रिकाम्या लेनमध्ये नवीन भरायचं, याला म्हणतात ओव्हरडब. शेवटी सगळ्या लेन योग्य प्रमाणात एकत्र करायच्या, ते मिक्सिंग.

आता महत्त्वाचा मुद्दा. टेपला अन-डू नव्हतं! एखाद्या लेनवर नवीन रेकॉर्ड केलं की जुनं गेलंच. लेन मोजक्या, त्यामुळे प्रत्येक टेकनंतर कुणाला तरी ठरवावं लागायचं, की हे ठेवायचं की पुसायचं. माझ्या मते या गाण्यांची खरी गोष्ट या एका प्रश्नात आहे.

आपल्याच जातकुळीतल्या एका माणसाची इथे ओळख करून देते. टॉम डाऊड. दुसऱ्या महायुद्धात हा पोरगा कोलंबिया युनिव्हर्सिटीत मॅनहॅटन प्रोजेक्टच्या, म्हणजे अणुबाँबच्या कामावर होता. युद्ध संपल्यावर डिग्री पूर्ण करायला गेला तर पंचाईत अशी, की त्याने केलेलं काम गुप्त आणि वर्गात शिकवलं जाणारं फिजिक्स त्याच्या कामापेक्षा जुनं! त्याने डिग्रीचा नाद सोडला आणि रेकॉर्डिंगमध्ये शिरला. पुढे अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीत त्याने १९५८च्या सुमाराला, बाकी जग दोन-तीन ट्रॅकवर असताना, आठ ट्रॅकची मशीन आणवली. मिक्सरवर गोल नॉब असायचे, त्यांच्या जागी त्याने वर-खाली सरकणारे फेडर बसवले, म्हणजे पियानोसारखी बोटं फिरवून एकदम अनेक आवाज कमी-जास्त करता येतात. आज आपल्या ऑडिटोरियमच्या मिक्सरवर जे सरकते दांडे दिसतात ना, ते बघितले की मला डाऊड आठवतो.

मेम्फिस : उतरत्या जमिनीचा स्टुडिओ

टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात जिम स्टुअर्ट नावाचा बँकेत काम करणारा माणूस होता. त्याला रेकॉर्ड कंपनी काढायची हौस. त्याची मोठी बहीण एस्टेल ॲक्स्टन हिने रेकॉर्डिंग मशीन घ्यायला स्वतःचं घर गहाण ठेवलं. दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून पुढे नाव झालं 'स्टॅक्स'. १९६०मध्ये त्यांनी मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरचं एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर भाड्याने घेतलं आणि खुर्च्या काढून तिथे स्टुडिओ केला. जिथे पूर्वी खाऊ विकला जायचा तिथे एस्टेलने रेकॉर्डचं दुकान थाटलं.

थिएटरची जमीन पडद्याकडे उतरती असते. ती सपाट करायला यांच्याकडे पैसेच नव्हते, म्हणून तशीच ठेवली. आता समोरासमोरचे पृष्ठभाग समांतर असले की त्यांच्यामध्ये स्टँडिंग वेव्ह तयार होतात, हे आपल्याला माहितीय. इथे जमीन आणि छत समांतरच नव्हते! त्या खोलीतून एक वेगळाच भरदार आवाज निघायला लागला आणि स्टॅक्सची ओळख झाला. पैसे नसल्यामुळे राहून गेलेली गोष्ट, पण तीच त्यांची सही ठरली.

१९६२च्या उन्हाळ्यात तिथे चार वादक एका गायकाच्या रेकॉर्डिंगसाठी जमले होते. ते रेकॉर्डिंग काही पुढे सरकलं नाही. हातात रिकामा वेळ. मग चौघं असंच एक संथ ब्लूज वाजवत बसले. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, वय वर्षं १७ फक्त! गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बासवर लुई स्टाइनबर्ग, ड्रमवर अल जॅक्सन ज्युनिअर. कंट्रोल रूममध्ये जिम स्टुअर्टने रेकॉर्डचं बटण दाबलं. वाजवून झाल्यावर तो म्हणाला की हे बाजारात आणू या. पण रेकॉर्डला दुसरी बाजू लागते, दुसरं काही आहे का? बुकर टी.ने त्याच्याजवळ असलेली एक छोटीशी धून वाजवली. ती झाली 'ग्रीन अनियन्स'. रेकॉर्डची मागची बाजू भरायला केलेली ही धून इतकी चालली की तीच पुढची बाजू झाली आणि अमेरिकेच्या पॉप चार्टवर तिसऱ्या नंबरपर्यंत गेली. या चौघांतले तिघं कृष्णवर्णीय, एक गोरा, आणि पुढे बास वाजवायला डोनाल्ड डन आला तेव्हा दोन-दोन झाले. ज्या मेम्फिसमध्ये तेव्हा काळे आणि गोरे एका टेबलावर जेवू शकत नव्हते, तिथे हे एका खोलीत रोज वाजवत होते.

स्टॅक्सचाच अजून एक किस्सा. १९६५मध्ये विल्सन पिकेट हा गायक 'इन द मिडनाईट अवर' रेकॉर्ड करत होता. हे गाणं पिकेट आणि क्रॉपरने शहरातल्या लॉरेन मोटेलमध्ये बसून बनवलं होतं. अटलांटिकचे निर्माते जेरी वेक्सलर यांना ताल मनासारखा वाटेना. शब्दांत सांगता येईना, तेव्हा हे पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ कंट्रोल रूममधून बाहेर आले आणि चक्क नाचून दाखवायला लागले! त्या काळी पोरं 'जर्क' नावाचा नाच करायची, त्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा झटका किंचित उशिरा येतो. जॅक्सन आणि क्रॉपरने ते पाहिलं आणि तो ठोका केसभर मागे खेचला. घड्याळाने मोजलं तर चूक. ऐकलं तर अंगात येतं! माझ्या सॉफ्टवेअरमध्ये असे ठोके रेघेवर आणून बसवायचं एक बटण आहे. मी ते दाबलं असतं.

(त्याच लॉरेन मोटेलच्या बाल्कनीत ४ एप्रिल १९६८ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसले होते.)

डेट्रॉईट : गाण्यांची असेंब्ली लाईन

मेम्फिसचा कारभार घरगुती, तर डेट्रॉईटचा एकदम मेकॅनिकलवाल्यांच्या आवडीचा. बेरी गॉर्डी हा तरुण मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाईनवर काम करायचा. तिथे त्याने पाहिलं की एका टोकाला नुसता सांगाडा शिरतो आणि दुसऱ्या टोकाने चकचकीत गाडी बाहेर पडते. त्याला वाटलं, गायकांच्या बाबतीत असं का नाही करता येणार? १९५९मध्ये त्याने घरच्यांच्या सामायिक फंडातून ८०० डॉलर कर्ज काढलं आणि मोटाऊन सुरू केली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एक साधं घर घेतलं आणि दारावर पाटी लावली : हिट्सव्हिल यू.एस.ए. आत्मविश्वास बघा!

या घरातला स्टुडिओ इतका छोटा आणि वरून केबल्स इतक्या लोंबायच्या, की वादक त्याला 'स्नेकपिट' म्हणायचे. सापांचं बीळ! आवाजाला घुमारा यावा म्हणून माळ्याचाच इको चेंबर केला होता. एका स्पीकरवर गाणं वाजवायचं आणि ते माळ्यावर घुमून आलं की माईकने पकडायचं.

कारखाना म्हटला की क्वालिटी कंट्रोल आलंच. दर शुक्रवारी मीटिंग व्हायची, आठवड्याची गाणी ऐकायची आणि मतदान. गॉर्डीचा आवडता प्रश्न असा, की तुमच्या खिशात शेवटचा एक डॉलर आहे आणि भूक लागलीय, तर ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच? (आपल्या हॉस्टेलवर हा प्रश्न विचारला तर एकही गाणं पास होणार नाही. मेसला जेवण कसलं होतं त्यावरही अवलंबून म्हणा!)

पण क्वालिटी कंट्रोललाही केटी लागते बरं का. नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग या जोडीने 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाईन' हे गाणं लिहिलं. १९६७मध्ये ते मार्विन गे याच्या आवाजात रेकॉर्ड झालं. व्हिटफील्डने मुद्दाम त्याच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा वर गायला लावलं. त्यावरून दोघांचं वाजलंसुद्धा, पण त्या ताणलेल्या आवाजातच त्या गाण्यातली घालमेल आहे. मीटिंगमध्ये गाणं नापास! व्हिटफील्ड चिकट माणूस. त्याने तेच गाणं ग्लॅडिस नाईट आणि तिच्या ग्रुपकडून वेगळ्या जोशात गाऊन घेतलं आणि ते दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. तरी मार्विनची टेप त्याने मनातून काढली नाही. १९६८मध्ये ती एका अल्बममध्ये कशीबशी घुसवली. रेडिओवाल्यांनी तेवढंच गाणं उचललं, कंपनीला ते वेगळं काढावंच लागलं आणि डिसेंबर १९६८पासून सात आठवडे ते पहिल्या नंबरवर होतं.

समजा, नापास झाल्याच्या दिवशी कुणी डिस्क भरली म्हणून... जाऊ दे.

दोन टेक, एक आवाज

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. मे १९६९. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये पीपल्स पार्क नावाच्या जागेवरून विद्यार्थी आणि पोलीस यांच्यात मोठा संघर्ष झाला. 'फोर टॉप्स' या ग्रुपचा गायक ओबी बेन्सन तेव्हा दौऱ्यावर होता. त्याने पोलीस मुलांना मारताना पाहिले. हे काय चाललंय, ही मुलं का मार खातायत, असे प्रश्न त्याच्या डोक्यात सुरू झाले आणि त्यातून त्याने गीतकार अल क्लीव्हलँडबरोबर एक गाणं रचलं. त्याच्या ग्रुपने ते नाकारलं, म्हणे निषेधाची गाणी आपण गात नाही. ते आलं मार्विन गेकडे. मार्विन तेव्हा फार वाईट काळातून जात होता. त्याची सहगायिका टॅमी टेरेल मार्च १९७०मध्ये वयाच्या २४व्या वर्षी ब्रेन ट्यूमरने गेली होती. भाऊ फ्रँकी व्हिएतनामच्या युद्धात होता आणि तिथलं सगळं त्याला सांगायचा. मार्विनने गाण्यात स्वतःची भर घातली आणि जून १९७०मध्ये 'व्हॉट्स गोइंग ऑन'चं रेकॉर्डिंग सुरू झालं.

पहिला अपघात. सॅक्सोफोनवाला इलाय फॉन्टेन वाद्य गरम करायला म्हणून सहज काहीतरी फुंकत होता. मार्विनने त्याला सांगितलं, झालं, तू घरी जाऊ शकतोस. तो बिचारा म्हणतोय की अहो, मी अजून सुरूच केलं नाही, नुसती गंमत करत होतो! ती गंमतच गाण्याची सुरुवात आहे.

दुसरी गंमत बासवाल्याची. जेम्स जेमर्सन हा मोटाऊनच्या शेकडो गाण्यांमागचा बास. तो तारा एकाच बोटाने छेडायचा. मार्विनला या गाण्यासाठी तोच हवा होता, म्हणून त्याला एका बारमधून शोधून आणलं. अरेंजर डेव्हिड व्हॅन डी पिट यांनी पुढे सांगितलं की जेमर्सनला स्टुलावर नीट बसवत नव्हतं, म्हणून तो सरळ जमिनीवर उताणा झोपला आणि झोपूनच नोटेशन वाचून वाजवलं. (रेक्टर मॅडम, यातून आम्ही काहीही शिकणार नाही आहोत!)

आणि तिसरा अपघात सगळ्यात मोठा. मार्विनने मुख्य गाणं दोन वेळा, दोन वेगळ्या ढंगांनी गायलं होतं. कोणतं ठेवायचं हे ठरवायला त्याने इंजिनिअर केन सँड्सला सांगितलं, की दोन्ही माझ्यासाठी तयार ठेव, मी ऐकून बघतो. आणि ऐकवताना चुकून दोन्ही टेक एकदम वाजले. एक मार्विन बोलतोय आणि दुसरा मार्विन त्याला उत्तर देतोय! मार्विनला ते इतकं आवडलं की ते तसंच ठेवलं आणि त्याच्या पुढच्या कित्येक गाण्यांत स्वतःच्याच आवाजाचे असे थर हीच त्याची शैली झाली.

इथे मी वाचताना थांबले. केन सँड्सने काय केलं? त्याने स्वतःच एक टेक निवडून दुसरा पुसला नाही. दोन्ही ठेवले, आणि ज्याचा आवाज होता त्यालाच ऐकवले. बस्स. एवढंच केलं त्याने. मी नेमकं तेवढंच केलं नव्हतं.

पुढची गोष्ट थोडक्यात. गॉर्डीला हे गाणं मुळीच आवडलं नाही. मार्विन हटून बसला की हे बाहेर आल्याशिवाय मी दुसरं काही गाणार नाही. जानेवारी १९७१मध्ये कंपनीतल्या लोकांनी गॉर्डीला न सांगताच ते बाजारात आणलं आणि ते दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. मे १९७१मध्ये त्याच नावाचा पूर्ण अल्बम आला. त्याच्या कव्हरवर, मोटाऊनच्या इतिहासात पहिल्यांदाच, स्नेकपिटमधल्या त्या सगळ्या वादकांची, म्हणजे 'फंक ब्रदर्स'ची नावं छापली गेली. तोपर्यंत इतकी वर्षं घराघरात वाजणाऱ्या गाण्यांमागचे हे लोक कोण, हे ऐकणाऱ्यांना माहीतच नव्हतं.

अरिथा आणि पाचगणीचा मुलगा

अरिथा फ्रँकलिन, सोलची राणी. डेट्रॉईटच्या चर्चमध्ये वडील धर्मोपदेशक, तिथेच ती गायला शिकली. आधीच्या कंपनीत सहा वर्षं काढली, पण सूर जुळला नाही. अटलांटिकमध्ये आल्यावर जानेवारी १९६७मध्ये तिला अलाबामातल्या फेम स्टुडिओत नेलं. तिला गुळगुळीत अरेंजमेंट देण्याऐवजी सरळ पियानोवर बसवलं. तरी सुरुवात सुचेना. सगळे गप्प. तेवढ्यात स्पूनर ओल्डहॅम या वादकाने इलेक्ट्रिक पियानोवर एक लंगडत चालल्यासारखी सुरावट वाजवली आणि 'आय नेव्हर लव्हड अ मॅन' उभं राहिलं. त्याच रात्री तिचा नवरा आणि स्टुडिओचा मालक यांचं कडाक्याचं भांडण झालं आणि सगळे आपापल्या गावी! दुसरं गाणं अर्धवटच राहिलं. पण ती अर्धवट टेप जपून ठेवली होती. न्यूयॉर्कला अरिथाने आपल्या बहिणींबरोबर त्यावर आवाज चढवून ते पूर्ण केलं. त्याच फेब्रुवारीत तिने टॉम डाऊडच्या मशीनसमोर 'रिस्पेक्ट' गायलं. ते गाणं मुळात ओटिस रेडिंगचं, १९६५चं, एका पुरुषाने घरातल्या बाईकडे केलेली मागणी. अरिथाने ते बाईच्या तोंडी घातलं आणि त्याचा अर्थच उलटा करून टाकला.

आता हे सगळं आपल्यापासून किती लांब, असं वाटत असेल ना? मग ऐका. याच अरिथाचा एक भक्त आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये शिकलेला. फारुख बलसारा. १९५५ ते १९६३ तो तिथे बोर्डिंगमध्ये होता, म्हणजे हॉस्टेलवालाच! तिथे पियानो शिकला, मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. १९७६मध्ये क्वीन या त्याच्या बँडचं 'समबडी टू लव्ह' आलं, ते अरिथाच्या गॉस्पेलच्या प्रेमातून. त्याला चर्चसारखा मोठा समूहस्वर हवा होता. गाणारे किती? तीन. फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. तिघांनी स्वतःच्याच आवाजावर पुन्हा पुन्हा ओव्हरडब करून अख्खा कॉयर उभा केला. आदल्या वर्षीच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मध्ये तर इतके थर चढवले की टेप मशीनमधून जाऊन जाऊन त्यावरचा ऑक्साईड झिजला आणि फितीतून आरपार दिसायला लागलं!

शिट्टी

शेवटची गोष्ट सांगायला परत मेम्फिसला जाऊ या.

१९६७च्या उन्हाळ्यात ओटिस रेडिंग सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसलिटो इथे एका हाऊसबोटीवर राहिला होता. समोर खाडी, येणारी-जाणारी जहाजं. तिथे त्याला एका गाण्याच्या पहिल्या ओळी सुचल्या. त्याच वर्षी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज पुन्हा लागेल का ही धाकधूक, आणि लागला तो जरा मऊ होऊन. नोव्हेंबरमध्ये स्टॅक्सच्या त्या उतरत्या जमिनीवर उभं राहून त्याने आणि स्टीव्ह क्रॉपरने '(सिटिन ऑन) द डॉक ऑफ द बे' पूर्ण करून रेकॉर्ड केलं. गाण्याच्या शेवटी ओटिस नेहमी काहीतरी उत्स्फूर्त बोलायचा. क्रॉपरच्या सांगण्याप्रमाणे, या वेळी जे बोलायचं होतं ते तो विसरला आणि त्याऐवजी शिट्टी वाजवत राहिला.

१० डिसेंबर १९६७ला विस्कॉन्सिनमध्ये त्याचं छोटं विमान तळ्यात कोसळलं. ओटिस २६ वर्षांचा होता. त्याच्याबरोबरच्या 'बार-केज' बँडमधली बहुतेक पोरं आपल्याच वयाची होती. विमानातला फक्त एक जण वाचला.

कंपनीला रेकॉर्ड लगेच हवी होती. मित्र गेल्याच्या दुःखात क्रॉपर मिक्सिंगला बसला. त्याने लाटांचा आणि सीगल पक्ष्यांचा आवाज घातला, ओटिस त्या बोटीवर जे ऐकत बसायचा ते. आणि ती शिट्टी? ती त्याने ठेवली. आता ओटिसला विचारता येणार नव्हतं. मग त्याने जे मागे ठेवलं, ते तसंच राहू दिलं. जानेवारी १९६८मध्ये रेकॉर्ड आली आणि मार्चमध्ये पहिल्या नंबरवर गेली. गायकाच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या चार्टवर पहिल्या नंबरला गेलेलं ते पहिलं गाणं. आज त्या गाण्याचं नाव काढलं तर लोक आधी शिट्टी वाजवतात.

तर मंडळी, तात्पर्य काय?

"चुका करा, सगळं भारी होईल" असा निष्कर्ष काढाल तर पस्तावाल. माझा मॅथ्स थ्रीचा पेपर याला साक्षी आहे. जेमर्सन झोपून वाजवू शकला, कारण त्याआधी वर्षानुवर्षं त्याने क्लबमध्ये रात्र रात्र जॅझ वाजवलं होतं. 'ग्रीन अनियन्स'ची पोरं रोज एकत्र वाजवत होती. फॉन्टेनची गंमतसुद्धा एका तयार हाताची गंमत होती.

मला जे समजलं ते इतकंच. कोणताही टेक चुकीचा की बरोबर हे मशीन सांगत नाही, तो ऐकावा लागतो. ऐकायचा तर तो आधी शिल्लक असावा लागतो. आणि आवाज दुसऱ्याचा असेल तर त्यालाही ऐकवावा लागतो. त्या लोकांकडे तीन ट्रॅक, आठ ट्रॅक होते आणि अन-डू नव्हतं, म्हणून ते पुसायला घाबरायचे. आपल्याकडे ट्रॅक अमर्याद आणि पुसणं इतकं सोपं, की आपण विचारतच नाही. प्रोजेक्टच्या रीडिंग्जचंही तसंच नाही का? ग्राफवर एक पॉईंट बाजूला पडला की आपण तो गुपचूप रेघेवर आणून बसवतो. सरांनो, हे मी फक्त उदाहरण म्हणून लिहिलंय.

हा लेख मी छापायला द्यायच्या आधी रूममेटला वाचून दाखवला. तिची गोष्ट आहे, तिला आधी विचारायला हवं, एवढी अक्कल आता आलीय. तिने दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. मग मी विचारलं, "या वर्षी गॅदरिंगला गाशील?"

ती म्हणाली, "बघू." आता मराठीत "बघू" म्हणजे बहुतेक वेळा "नाही" असतं, एवढं मराठी मलाही कळतं. पण दिवा मालवल्यावर पाच मिनिटांनी वरच्या बेडवरून आवाज आला,

"ए, तुझ्या हार्ड डिस्कमध्ये जागा आहे ना गं या वेळी?"